फिकट रंगांचं घर

लेकीनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "आई, बघ. पेस्टल."

मी कणीक मळत होते. मान वर करून बघितलं तर कुणाच्या तरी घराचा फोटो. एक भिंत पिस्ता, एक फिकट जांभळी, आतल्या खोलीत पीच का काय म्हणतात तो रंग. सगळं घर दुधात कालवल्यासारखं. "लई छान," मी म्हणाले आणि कणकेला असा गुद्दा घातला की परात ओट्यावरून सरकली.

"आपलं घर असंच करायचं. मी सगळं बघते, तू फक्त हो म्हण."

मी हो म्हणाले आणि तिथंच फसले. मला त्या रंगांच्या घरात राहायचं नव्हतं. गोष्ट एवढीच होती. पण ती लेकीला सांगता येत नव्हती, आणि का येत नव्हती हे कळायला आधी माझ्या साड्यांचं सांगावं लागेल.

लेक बालवाडीत होती तेव्हा तिचे वडील गेले. मी इथं शिरूर कासारला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तेव्हाही शिकवत होते. पगार होता म्हणून कुणापुढं हात पसरावा लागला नाही. माझी माहेरची माणसं खरंच चांगली आहेत, हेही आधीच सांगून ठेवते. कुणी मला पांढरं नेस म्हटलं नाही. कुणी काहीच म्हटलं नाही. पहिल्या दिवाळीला भाऊ साडी घेऊन आला, ती बदामी. पुढच्या वर्षी मोतिया. मग पिस्ता, मग राखाडी, मग फिकट जांभळी, आणि फिरून पुन्हा बदामी. पिशवीतून बाहेर काढायच्या आधीच मला रंग कळायचा. "तुम्हाला शोभंल असा बघून घेतलाय," वहिनी म्हणायची, आणि इतक्या मायेनं म्हणायची की मी ती घडी छातीशी धरून आत न्यायचे.

एकदा म्हटलं, आपली आपण घ्यावी. बीडला गेले, दुकानात गादीवर ऐसपैस बसले. दुकानदारानं सवयीनं लाल-हिरव्या साड्यांचा गठ्ठा पुढं ओढला, एक उलगडली, आणि मग त्याची नजर माझ्या मोकळ्या गळ्याकडं गेली. त्यानं ती साडी गुपचूप घडी केली आणि नोकराला म्हणाला, "वरचा गठ्ठा काढ रे, लाइट कलरचा." बिचाऱ्यानं सगळं अदबीनं केलं. चहासुद्धा मागवला. वर्गात मी ओरडले तर रस्त्यावरची माणसं थांबतात असं लोक म्हणतात, पण त्या गादीवर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या गठ्ठ्यातली एक साडी घेतली आणि शिरूरची गाडी धरली. अजून आठवलं की डोकं तापतं.

तर अशी मी, आणि त्यात हे घर. पत्र्याच्या खोल्या पाडून स्लॅबचं घर उभं राहिलं. गिलावा झाला, फरशी बसली, रंग तेवढा राहिला. लेक बीडला एका क्लासमध्ये गणित शिकवते, शनिवारी घरी येते. या पोरीनं लहानपणी कधी हट्ट केला नाही. जत्रेत फुगासुद्धा मागितला नाही. आईला त्रास द्यायचा नाही, हे तिला कुणी शिकवलं होतं देव जाणे. आयुष्यात पहिल्यांदा तिनं काही मागितलं, आणि मागितलं ते नेमकं हे! तिला कसं सांगायचं, की बाई गं, अंगावर आहेत ते रंग पुरे झाले, आता भिंतीवर नको आणूस? ते सांगायचं तर तिच्या बापाच्या जाण्यापासून सगळं काढावं लागलं असतं. रंग निवडायला बसलेल्या पोरीला कशाला रडवायचं? मी तोंडाला कुलूप लावलं.

आमच्या गल्लीतली बरीच घरंही तेव्हा कुलपातच होती. दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेली माणसं उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. ती आली की लग्नं सुरू होतात, आणि मग पेंटर हाताला लागत नाही. आमच्याकडं लग्न निघालं की घराच्या पुढच्या भिंतीवर गणपती, केळीची पानं आणि नवरानवरीची नावं रंगवून घेतात. आमचा पेंटर त्या कामात नावाजलेला. त्यानं लिहिलेली नावं पार चौकातून वाचता येतात. असला माणूस आम्ही रिकाम्या दिवसांत गाठला आणि लेकीनं बीडहून मशीनवर मिसळून आणलेल्या बादल्या त्याच्यापुढं ठेवल्या.

त्यानं झाकण उघडलं, काडीनं ढवळलं आणि माझ्याकडं बघितलं.

"बाई, ह्यो रंग हाय का रंगाचे डबे धुतलेलं पानी?"

"लावा तुम्ही. पोरीची पसंती आहे."

"लावतो की. पर लोकं मलाच इचारतेल, पेंटर, रंग कवा देनार म्हनून."

आणि तसंच झालं. हॉलमध्ये पिस्त्याचा पहिला हात बसला आणि शेजारची म्हातारी दारातून डोकावली. "चुना दिला व्हय गं बाई? आता रंग कवा?"

ही म्हातारी म्हणजे आमच्या गल्लीचा भोंगा. मेंढरं राखणाऱ्या घरातली, आता दोन-चार शेळ्या तेवढ्या उरल्यात. नवरा कधीचाच गेलाय, आणि अंगावर कायम मळकं पांढरं लुगडं. तिच्या जिभेला मीसुद्धा टरकून असते. मागं एका लग्नात एक नवरा गेलेली बाई हिरवीगार साडी नेसून आली होती. ही भर मांडवात म्हणाली, "नवऱ्याच्या माघारी नटायची हौस बघा हिची!" ती बाई जेवायलासुद्धा थांबली नाही. मी त्या बाईच्या शेजारीच बसले होते, बदामी साडीत. मीही गप्पच.

संध्याकाळी पेंटर गेल्यावर मी चहा घेऊन हॉलमध्ये टेकले. अंगावर पिस्ता साडी, समोर पिस्ता भिंत. आता माझी साडी कुठं संपते आणि भिंत कुठं सुरू होते, ते मलाच कळायचं नाही असं वाटलं. उरलेलं सगळं आयुष्य इथंच, याच रंगात! मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

सकाळी शाळेला निघताना मी पेंटरला हळूच म्हणाले, "जरा गडद करता येईल का हो?"

त्याचा चेहरा असा खुलला! "येतंय की! मला वाटलंच, बाई कवा तोंड उघडत्यात."

"थोडंच हं. पोरीला कळता कामा नये."

"तुमी बिनघोर जावा."

बिनघोर कसली जाते! दिवसभर वर्गात लक्ष लागलं नाही. एका पोरीनं उत्तर चुकवलं तरी मी तिला शाब्बास म्हणाले. चोरून काहीतरी खाल्ल्यासारखं वाटत होतं, आणि मजाही वाटत होती. शाळा सुटली तशी जवळजवळ पळतच घरी आले, दार ढकललं आणि उंबऱ्यातच थिजले.

भिंत पोपटी झाली होती. साधी पोपटी नाही, डोळे मिटले तरी दिसत राहील अशी. लग्नाची नावं चौकातून वाचता यावीत म्हणून रंगवणाऱ्या माणसाचं 'थोडं' ते! त्यानं आपल्याजवळच्या गडद रंगाच्या बाटल्या बादलीत उपड्या केल्या होत्या, आणि सगळीच बादली तशी झाल्यानं आता मागं फिरायलाही वाट नव्हती.

"कसं काय?" पेंटर कमरेवर हात ठेवून उभा.

"आता काय सांगू तुम्हाला," मी म्हणाले. शनिवारी लेक येणार होती. पण खोटं कशाला बोलू, आतून हसूही येत होतं.

शनिवारपर्यंत मी थापा जुळवत बसले. मशीन बिघडलं असेल. ऊन लागून रंग बदलला असेल. आमच्याकडचं पाणीच जड आहे. गणिताच्या बाईला यातलं काय पटणार होतं? शनिवारी तिच्या गाडीचा आवाज आला तेव्हा मी चुलत्याकडं निघून जावं का असासुद्धा विचार केला.

ती आत आली. पर्स खांद्यावरच. भिंतीकडं बघितलं, बादलीकडं बघितलं, मग शिडीवरच्या पेंटरकडं. "हे कुणी सांगितलं?"

पेंटर छताकडं बघायला लागला. थापा सगळ्या जिभेवर तयार होत्या. पण त्या माणसाच्या गळ्यात आपलं लचांड कसं अडकवायचं?

"मी सांगितलं," मी म्हणाले.

"कावून?" क्लासमध्ये ती अगदी शुद्ध बोलते. चिडली की मग आमची भाषा येते.

"मला आवडत नाहीत ते रंग, म्हणून!" एकदा सुटले ती सुटलेच. "तुझे वडील गेले तेव्हापासून तेच नेसतेय मी. बदामी आणि मोतिया आणि पिस्ता. त्यातली एकसुद्धा मी निवडलेली नाही. मामा आणतो, मामी आणते, दुकानदार गळा बघून गठ्ठा बदलतो. वीट आलाय मला! शोभतं, शोभतं म्हणून किती वर्षं शोभायचं माणसानं? आता भिंतीपण तसल्याच केल्यास तर मी या घरात गुदमरून मरेन."

हे सगळं माझ्या वर्गातल्या आवाजात. पेंटर शिडीवरून उतरला आणि बिडी ओढायला बाहेर गेला. लेक एका पालथ्या बादलीवर बसली.

"म्हणजे तुला हे रंग आवडत नाहीत?"

"नाही."

"यातला एकही?"

"एकही नाही."

तिनं पर्समधून मोबाइल काढला. मला वाटलं, आता पुन्हा ते दुधाळ घर दाखवून माझी समजूत काढणार. तिनं फोटो पुढं धरला. त्यात आमची खाट होती आणि खाटेवर ओळीनं मांडलेल्या माझ्या साड्या.

"तू शाळेत गेली होतीस तेव्हा काढला," ती म्हणाली. "हाच घेऊन गेले होते रंगाच्या दुकानात. मशीनवाल्याला म्हटलं, यातलेच रंग काढून द्या. ते घर मी नंतर शोधलं, तुला पटावं म्हणून. आई, मला वाटलं हे तुझे आवडते रंग आहेत. दुसरं काही नेसलेलं मी तुला कधी पाहिलंच नाही ना."

कर्म माझं! मी मटकन खाली बसले.

खरंच होतं तिचं. बालवाडीतल्या पोरीला काय आठवणार? तिला कळायला लागल्यापासून आई अशीच. परीक्षेच्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आलेली आई बदामी. तापात डोक्यावर पट्ट्या ठेवणारी आई मोतिया. तिच्या हिशेबी मी दरवर्षी हौसेनं तेच तेच रंग घेत होते. आणि मी इकडं समजत होते की जगाबरोबर माझी लेकही मला त्याच गठ्ठ्यात बांधतेय. तिनं मला कोंडलं नव्हतं. तिनं तिच्या परीनं मला माझं घर द्यायचा घाट घातला होता.

जीव असा भांड्यात पडला म्हणता! छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाहेर नेऊन टाकावा तसं झालं. एवढी वर्षं जे बोलले तर घर मोडेल असं वाटत होतं ते बोलून झालं होतं, आणि घर उभं होतं. पोपटी, पण उभं.

लेक मात्र रडत होती. "मामाला कावून नाही सांगितलंस? मला तरी सांगायचंस."

"काय सांगायचं? इतक्या मायेनं आणतो तो."

"मायेनं आणलं म्हणून काय झालं?"

मी पदरानं तिचं तोंड पुसलं. पुसता पुसता तिची नजर माझ्या डोक्यावरून भिंतीकडं गेली.

"पण आई, हा पोपटी..."

"भयंकर आहे."

"लई भयंकर आहे."

आणि आम्ही दोघी फुटलो. पोट दुखेस्तोवर हसलो. पेंटर घाबरून दारात आला. "काय म्हनता मंग? ठेवायचा का घालवायचा?"

"घालवा," लेक म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "बोल आई. तुला कुठला आवडतो?"

मी तोंड उघडलं आणि गप्प झाले. काही म्हणजे काही आठवेना. 'हा नको' म्हणायची इतकी सवय झाली होती, मनातल्या मनात का होईना, की 'हा हवा' काही केल्या येईना. लाल म्हणणार होते, सगळ्या बायका म्हणतात म्हणून. पण लाल मला पोरवयातसुद्धा आवडत नव्हता. लेक आणि पेंटर दोघं माझ्या तोंडाकडं बघत राहिले, आणि माझे डोळे भरून आले.

"सावकाश सांग," लेक म्हणाली. "घाई नाही कुणाला."

"मला हाय की," पेंटर म्हणाला. "लग्नं तोंडावर आल्यात." पण तोही हसत होता.

हॉल आणि लेकीची खोली आधी करायचं ठरलं. दुकानातून नवी बादली आली, आणि हॉलला पुन्हा पिस्ताच दिला. हो, मीच म्हणाले. लेकीला खरं तर ते रंग मनापासून आवडतात, फक्त माझ्यावर लादायचे नव्हते. तिच्या खोलीला फिकट जांभळा दिला. आणि नवल असं की तो पिस्ता मला बोचेना. दुपारी बाहेर ऊन रणरणत असताना आत आलं की डोळ्यांना गार वाटायचं. कुणी विचारून लावलेला पिस्ता आणि न विचारता गुंडाळलेला पिस्ता यांत फरक असतो, एवढं मला कळलं.

माझी खोली तेवढी गिलाव्यावर राहिली. मी येताजाता लोकांच्या भिंती बघत होते. निळा बरा वाटायचा, जवळ गेलं की नकोसा व्हायचा. मग बाजारच्या दिवशी एका गाड्यावर फोडून ठेवलेलं डाळिंब दिसलं. मी तिथंच थांबले. मागून कुणीतरी "सरका की ओ बाई" म्हणालं तरी थांबले. तिथूनच लेकीला फोन लावला.

"काय झालं आई?" ती घाबरली.

"डाळिंबी."

"काय?"

"अगं, रंग! माझ्या खोलीचा. डाळिंबी."

पलीकडून ती इतक्या जोरात "हां!" म्हणाली! तिचा वर्ग चालू होता की काय कोण जाणे.

पेंटर खूश. "आता कसं रंग दिल्यावानी वाटतंय," तो दर हाताला म्हणायचा. खोली बारकी दिसंल, असंही म्हणाला. दिसू दे म्हटलं. काम झालं तेव्हा खोली खरंच बारकी आणि अंधारी दिसली, आणि मला इतकी आवडली की मी दार लोटून खाटेवर पडले आणि मोठ्यानं हुश्श केलं.

एकच धाकधूक होती. गल्ली आता भरली होती, ऊसतोडीची माणसं परतली होती, आणि भोंगा शेजारीच होता. नवरा गेलेल्या बाईच्या खोलीत असला भरगच्च रंग! म्हातारी एकदा बोलली की पार वेशीपर्यंत ऐकू जाणार. मी मनात उत्तरं घासून ठेवली होती. या वेळी गप्प बसायचं नाही, हे पक्कं होतं.

ती आलीच. शेळी अंगणात बांधली, हॉल ओलांडला आणि माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"लई तांबडं केलंस गं बाई."

"केलं," मी म्हणाले. आवाज चढला होता. "माझी खोली आहे. मला आवडला रंग."

म्हातारी आत आली. भिंतीवर तळवा टेकवला, हळूच घासला आणि रंग लागला का ते हात उलटा करून बघितलं. मग पुन्हा टेकवला. मी माझी उत्तरं घेऊन तशीच उभी. मग तिनं दाराकडं वळून कुणी येत नाही ना ते पाहिलं, आणि तिचा तो गल्लीभर जाणारा आवाज इतका खाली आला की मला पुढं वाकावं लागलं.

"उरलाय का गं थोडा?"

"कशाला?"

"माझ्या खोपटाला. आतल्या अंगानं लावीन. भायेरनं कुनाला दिसनार न्हाई."

घासून ठेवलेलं एकही उत्तर याला लागू नव्हतं. कोपऱ्यातला डबा उचलून तिच्या हातात दिला, वर पेंटरचा जुना ब्रश ठेवला. मग मात्र राहवलं नाही.

"आतनं कशाला आजी?" मी म्हणाले. "दाराला लावा."

"तुझ्या जिबंला काय हाड!" म्हातारी म्हणाली, आणि डबा पदराखाली झाकून घेऊन गेली.